नकाशा आपणच काढायचा

‘विझर्ड्री’ या जुन्या संगणकीय गेममध्ये सगळी पार्टी, म्हणजे आपण चालवत असलेली सहा पात्रांची टोळी, भुयारात मारली गेली, तरी गेम संपत नसे. झालेला मृत्यू गेम तत्काळ फ्लॉपीवर नोंदवून टाकी, म्हणजे मागे फिरण्याची वाट बंद होई, आणि वर गावात आपण पुन्हा रिकाम्या हातांनी उभे असू. सहा जणांची प्रेते मात्र खाली, ज्या चौकोनात ती पडली त्याच चौकोनात, तशीच राहत. ती परत आणायची, तर नवे लोक उभे करायचे, त्यांना पहिल्या मजल्यापासून लढवत लढवत तयार करायचे आणि मग नेमके अशा ठिकाणी पाठवायचे, जिथे त्यांच्याहून मुरलेल्या माणसांचा टिकाव लागला नव्हता. प्रेत सापडले, तरी ते वर आणायला पार्टीत जागा रिकामी असावी लागे, कारण एका वेळी सहांपेक्षा अधिक जण चालू शकत नसत. गावातल्या मंदिरात भरपूर सोने मोजून त्याला जिवंत करण्याचा विधी करता येई. तो फसला, की देहाची राख होई, आणि राखेवरचा विधीही फसला, की ते पात्र कायमचे पुसले जाई.

अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांनी हा गेम अ‍ॅपल टू संगणकासाठी लिहिला आणि १९८१ साली तो बाजारात आला. त्यात दिसायचे काय, तर पडद्याच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या रेषांनी आखलेल्या भिंती, एखादे दार आणि पुढे काळोखात शिरणारी वाट. पात्रांना चेहरे नव्हते, आवाज नव्हते, पूर्वायुष्य नव्हते. नाव आपण ठेवायचे, वंश आणि पेशा आपण निवडायचा, आणि मग बळ, बुद्धी, श्रद्धा, जीवट, चपळाई व नशीब या सहा रकान्यांतले आकडे, एवढीच त्या माणसाची ओळख. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर उभे राहिलेले कुणी राखेत गेले, की पोटात खड्डा पडे. असे का व्हावे, याचा विचार मी पुष्कळ वर्षे करीत आले आहे. मला वाटते, त्या गेमनी स्वतःहून फार थोडे मांडून ठेवले होते, उरलेले सारे खेळणाऱ्यावर सोडले होते, आणि आज आठवण येते ती आपण उचललेल्या त्या वाट्याची.

हे केवळ लहानपणाचे प्रेम आहे, असे कुणी म्हणेल. ते म्हणणे मी सहज झटकून टाकत नाही, पण माझ्या बाबतीत ते पुरे पडत नाही, कारण ‘विझर्ड्री’ मी त्याच्या काळात खेळलेच नाही. माझी सुरुवात १९९८च्या ‘बाल्डर्स गेट’ने झाली आणि तिथून मी उलट्या दिशेने चालत गेले. डॉस या जुन्या संगणकप्रणालीवरचे गेम नव्या संगणकावर चालवणारा ‘डॉसबॉक्स’ हा प्रोग्राम २००२मध्ये आला, २००८मध्ये ‘गुड ओल्ड गेम्स’ या नावाने जुन्या गेमची रीतसर विक्री सुरू झाली, आणि त्यामुळे हा उलटा प्रवास माझ्यासारखीला शक्य झाला. म्हणजे त्या पांढऱ्या रेषांच्या भुयारात मी पहिल्यांदा उतरले, तेव्हा मी चांगली जाणती, नोकरी करणारी बाई होते आणि त्याहून कितीतरी देखणे गेम माझ्या संगणकावर तयार होते. तरीही रात्री दिवा मालवल्यावर डोळ्यांसमोर येई तो तिसऱ्या मजल्यावरचा न उघडलेला दरवाजा.

त्या भुयाराला दहा मजले होते आणि प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकोनांचा होता. गेममध्ये नकाशा नव्हता. तो चौकटीच्या कागदावर आपण काढायचा. एक पाऊल म्हणजे एक चौकोन, भिंत लागली की जाड रेघ, दार असले की रेघेवर छोटी आडवी खूण. हे जमू लागते न लागते, तोच काळोखाचा पट्टा लागे, जिथे भिंतीसुद्धा दिसत नसत आणि चाचपडत, एकेका पावलाला धडक घेत कडा शोधाव्या लागत. त्याहून वाईट म्हणजे फिरकीचा चौकोन. त्याच्यावर पाय पडताच आपले तोंड भलत्याच दिशेला वळे आणि पडद्यावर त्याचा शब्दही येत नसे. कागदावरची रेघ आणि समोरची भिंत जुळेनाशी झाली, की उमगे, मागे कुठेतरी आपल्याला फिरवले गेले आहे. मग ‘डुमापिक’ हा मंत्र म्हणायचा, म्हणजे अक्षरशः तो शब्द कीबोर्डवर टाइप करायचा, की आपण जिन्यापासून किती पावले पूर्वेला आणि किती पावले उत्तरेला आहोत हे कळे. आगीसाठी ‘हॅलिटो’, शत्रूला झोपवण्यासाठी ‘काटिनो’, जखम भरण्यासाठी ‘डिओस’, असे सगळे शब्द माहितीपुस्तिकेतून पाठ करावे लागत. ‘मॅलोर’ या मंत्राने भुयारात हवे तिथे क्षणात पोहोचता येई, पण त्यासाठी पावलांचे आकडे आपणच द्यायचे असत आणि आकडा चुकला, तर सगळी पार्टी खडकाच्या पोटात गाडली जाई. तो मंत्र टाइप करण्याआधी कागदावरचे चौकोन बोटाने पुन्हा पुन्हा मोजताना वाटणारी धास्ती मला नंतरच्या कुठल्याही गेमने दिलेली नाही. खोडरबराने झिजून पातळ झालेले ते कागद मी अजून जपून ठेवले आहेत. त्यांवर एकाही राक्षसाचे चित्र नाही, पण कुठल्या कोपऱ्यात कुणाचा जीव गेला ते मला त्यांवर बोट ठेवून सांगता येते.

या साऱ्याचे मूळ कागदावरच्याच खेळात होते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४मध्ये प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एकाने जग उभे करायचे, बाकीच्यांनी त्या जगात आपण काय करतो ते सांगायचे आणि शंका उरेल तिथे फासे टाकायचे, असा तो खेळ. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या विद्यापीठांना जोडणाऱ्या ‘प्लेटो’ या संगणकयंत्रणेवर विद्यार्थ्यांनी त्याच्या नकला लिहायला सुरुवात केली. यंत्रणा शिक्षणासाठी होती, त्यामुळे असे खेळ सापडले की पुसले जात आणि विद्यार्थी ते पुन्हा लिहीत. संगणकाला फासे टाकता येत होते, हिशेब ठेवता येत होता. जग शब्दांत उभे करणारा तो एक जण व्हायला मात्र त्याच्यापाशी जागाच नव्हती, कारण पुढे घरगुती संगणक आले तरी एका फ्लॉपीवर मावणारा मजकूर फारच थोडा असे.

ही अडचण निवारण्याची सर्वांत सुंदर युक्ती मला १९८८च्या ‘पूल ऑफ रेडियन्स’मध्ये भेटली. ‘एसएसआय’ या कंपनीच्या या गेमसोबत एक छापील रोजनिशी येत असे. महत्त्वाचा प्रसंग आला, की पडद्यावर एवढेच उमटे, की रोजनिशीतली अमुक क्रमांकाची नोंद वाचा. मग खेळणारा हात कीबोर्डवरून उचलून पुस्तिका उघडे, ती नोंद शोधे आणि एखाद्या वाड्याचा आराखडा किंवा शत्रूच्या हाती पडलेले पत्र कागदावर वाची. पुस्तिका आधीच वाचून टाकणाऱ्यांसाठी तिच्यात काही खोट्या नोंदीही पेरलेल्या होत्या. कादंबरीत पात्राला चिठ्ठी सापडते, तेव्हा ती आपणही त्याच्या खांद्यावरून वाचतो, पण इथे चिठ्ठी खरोखरच आपल्या हातात असे. जागेच्या टंचाईतून निघालेला तोडगा होता तो, पण त्याने पडद्यावरचे फ्लान शहर मला जितके जवळ आणून दिले तितके पुढे छायाचित्रासारख्या सजवलेल्या शहरांनीही आणून दिले नाही.

आपल्यावर सोडलेला वाटा नेहमी कागदकामाचाच असे, असे नाही. रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा ४’ १९८५मध्ये आला, आणि त्यात शेवटी मारायला कुणी महाखलनायकच नव्हता. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, आत्मिकता आणि नम्रता हे आठ गुण आपल्या वागण्यात उतरवायचे, हाच त्या गेमचा उद्देश होता. ज्या काळात अशा गेममध्ये दुसऱ्याच्या घरातली पेटी उघडून सोने उचलणे ही खेळण्याची रीतच होती, त्या काळात हे धाडस होते. त्यातला एक प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. जादूसाठी लागणाऱ्या वनस्पती विकणारी बाई आंधळी असते. ती किंमत सांगते आणि पैसे आपण मोजून ठेवायचे असतात. किती ठेवणार, तो आकडा आपणच टाइप करायचा. एकच नाणे ठेवले, तरी माल मिळतो. ती काही म्हणत नाही, पहारेकरी येत नाहीत, पडद्यावर कुठलाही इशारा चमकत नाही. मात्र गेमने आत कुठेतरी ते टिपून ठेवलेले असते, आणि पुष्कळ पुढे, एखाद्या गुणाची पात्रता मिळवायला गेल्यावर, आपण अजून तिथवर पोहोचलेलो नाही एवढेच कळते. तोवर आपण काय काय केले, ते आपले आपल्याला आठवून पाहावे लागते. आजच्या गेममध्ये नैतिक निवडी ढळढळीतपणे समोर मांडलेल्या असतात आणि कोणत्या उत्तराने कोण खूश होईल तेही लगेच पडद्यावर दिसते. मला त्या निवडी खोट्या वाटत नाहीत, पण त्या आंधळ्या बाईसमोर रिकामा कर्सर लुकलुकत असताना मनात जे चालते, ते त्यांच्यात नसते.

त्याच मालिकेतल्या १९९२च्या ‘अल्टिमा ७’ने वेगळेच काही दिले. त्या जगातली माणसे दिवसा कामाला जात, संध्याकाळी गुत्त्यात जमत, रात्री झोपत. आणि आपण पिठात पाणी घालून कणीक मळू शकत असू, ती भट्टीवर ठेवून पाव भाजू शकत असू. कथा पुढे नेण्यासाठी त्याची गरज नसे. खुनाचा तपास लावायला निघालेल्या वीराने वाटेत थांबून पाव भाजावा, एवढी मोकळीक त्या गेमला द्यावीशी वाटली, हेच मला लोभस वाटते.

आता ‘बाल्डर्स गेट’. बायोवेअर या कंपनीचा हा गेम पाच सीडींवर येई आणि एका प्रदेशातून दुसऱ्यात शिरताना पडदा थांबून पुढची सीडी मागे. नायक वाढतो तो कँडलकीप या ग्रंथालयाच्या तटबंदीत, आणि पहिल्याच रात्री त्याचा पालक मारला जाऊन तो उघड्यावर येतो. जादूगार निवडला असेल, तर अंगात चार-सहा हिट पॉइंट, म्हणजे किती घाव सोसता येतील त्याचा आकडा, आणि दिवसाला एखादा मंत्र, एवढ्या भांडवलावर जगाला सामोरे जायचे. रानात एखादा लांडगा आडवा आला, तरी जीव मुठीत धरून पळावे लागे. जिथे आसरा मिळेल असे सांगितलेले असते, त्या फ्रेंडली आर्म सरायच्या पायऱ्यांवरच भाडोत्री मारेकरी वाट पाहत उभा असतो. प्रदेशातल्या लोखंडाला कीड लागली आहे अशी कथा होती, तर लढता लढता हातातली तलवार खरोखरच मोडून पडे. नायक जगाला वाचवणार आहे याची त्या जगाला खबर नव्हती, आणि म्हणून तिथे मिळवलेली प्रत्येक लेव्हल, प्रत्येक साधे चिलखत स्वकष्टाचे वाटे.

त्या सरायमध्ये खालिद आणि जाहेरा हे जोडपे भेटते. खालिद योद्धा आहे, पण बोलताना अडखळतो आणि लढाईच्या नुसत्या चाहुलीने बिचकतो. जाहेराची जीभ तिखट आणि पाऊल ठाम. एकाला पार्टीतून काढले, तर दुसराही निघून जातो. पहिल्या गेममध्ये या सोबत्यांना संवाद फारच थोडे होते. निवडल्यावर उच्चारायची दोन-चार वाक्ये, जखमी झाल्यावर एखादा उद्गार, बाकी मुकाट चालणे. म्हणून त्यांचे आपसातले बोलणे मी मनातल्या मनात रचत असे. रात्री रानात मुक्काम पडल्यावर ती त्याला काय सुनावत असेल, आणि मोठ्या लढाईनंतर त्याची विचारपूस करताना तिचा आवाज किती बदलत असेल, हे माझ्या लेखी गेममधल्या घटनांइतकेच खरे होते. मग २०००मध्ये दुसरा भाग आला. त्याच्या सुरुवातीलाच, एका वेड्या जादूगाराच्या तळघरात, छळ करून मारलेल्या खालिदचे प्रेत सापडते आणि जाहेरा आपल्या शेजारी उभी असते. लेखकांनी तिला त्या क्षणी शोकापेक्षा संताप अधिक दिला आहे, आणि तो अगदी तिच्या स्वभावाला धरून आहे. मी संगणक बंद केला आणि दुसऱ्या दिवशीही लगेच त्याच्याकडे गेले नाही. ज्याने पहिला भाग खेळलेला नाही त्याच्यासाठी तो एक नाव असलेला मृतदेह आहे. माझ्यासाठी तिथे संपला तो मी स्वतः रचलेला, कुठल्याही फाइलमध्ये नसलेला संवाद.

त्यानंतर मी त्याच्या वर्षभर आधी आलेल्या ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’कडे वळले, आणि या साऱ्या परंपरेतला सर्वांत खोल गेम तोच, असे माझे मत अजून आहे. नायक शवागारातल्या दगडावर जागा होतो. त्याला स्वतःचे नाव आठवत नाही. पुढे विसरशील म्हणून त्याने स्वतःच आपल्या पाठीवर सूचना गोंदवून घेतलेल्या असतात आणि त्या त्याला वाचून दाखवते एक तरंगती कवटी. त्याला मरण नाही, पण मेल्यावर आठवण राहत नाही. त्यामुळे सिगिल या शहरात जी माणसे भेटतात, त्यांना तो आठवतो आणि त्याला ती आठवत नाहीत. कुणाचा त्याने घात केलेला असतो, कुणाचे प्रेम वापरून टाकलेले असते. सुमारे आठ लाख शब्दांचा मजकूर या गेममध्ये आहे असे सांगितले जाते, आणि त्यातली बरीचशी झुंज तलवारीने नव्हे, वाचून आणि विचारून जिंकायची आहे. बळ वाढवण्यापेक्षा शहाणपण वाढवले, तर अधिक आठवते, असा त्याचा हिशेब आहे. गतकाळाच्या ओढीबद्दल मला जे काही कळते, त्यातले पुष्कळसे या गेमने शिकवले. मागे वळून पाहणारा माणूस नेहमी सुखाच्या जागाच शोधत नसतो. आपण कोण होतो, हे दुसऱ्या कुणाला तरी माहीत आहे आणि आपल्याला नाही, ही बोच त्याला मागे नेते.

जुने ते सगळेच सोने होते, असे मात्र मी म्हणणार नाही. पाच सीडींची ती अदलाबदल गेली ते बरेच झाले. चिलखत जितके उत्तम तितका त्याचा आकडा कमी, हा नियम मी अनेकांना समजावून दिला आहे आणि तो समजावण्यात शहाणपणाचे काही नव्हते. दर दहा पावलांवर निष्कारण उगवणाऱ्या लढायांनी चांगले गेम कंटाळवाणे केले. पण काही गोष्टी सोयीच्या नावाखाली गेल्या आणि त्यांच्याबरोबर दुसरेही काही गेले. २००२च्या ‘मोरोविंड’मध्ये कुठे जायचे ते लोक तोंडी सांगत आणि रोजनिशीत ते वर्णन उमटे. गावाबाहेरचा पूल ओलांडायचा, ओढ्याच्या कडेने वर जायचे, फाटा आला की टेकडी उजव्या हाताला ठेवायची. त्यामुळे पूल पाहावा लागे, ओढा ओळखावा लागे. त्या बेटावर सुरुवातीच्याच गावाजवळ एक जादूगार किंचाळत आकाशातून खाली कोसळतो. त्याच्या प्रेतापाशी सापडणारा मंत्र वापरला, की आपणही आभाळात झेप घेतो आणि खाली उतरण्याची सोय त्याने केलेली नव्हती, हे फार उशिरा कळते. ‘इथे पाहा’ असे सांगणारे तिथे काहीच नसते. त्याच मालिकेतल्या २००६च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये कंपासवर खूण आली आणि माझी नजर डोंगरावरून उठून त्या खुणेला चिकटली. गेम सुंदर होता, पण त्यातले रस्ते मला आज सांगता येणार नाहीत.

खेळणाऱ्यांनी आपला वाटा इतका मनावर घेतला, की पुढे हे गेम जिवंत ठेवण्याचे कामही त्यांनीच उचलले. ‘अल्टिमा ७’ आजच्या संगणकांवर चालावा म्हणून ‘एक्झल्ट’, ‘बाल्डर्स गेट’ आणि त्याच्या भावंडांसाठी ‘जेमआरबी’, ‘मोरोविंड’साठी ‘ओपनएमडब्ल्यू’ ही इंजिने, म्हणजे गेम चालवणारे मूळ प्रोग्राम, हौशी लोकांनी वर्षानुवर्षे, बिनपैशांनी लिहिली आहेत. ‘आइसविंड डेल २’ची नवी आवृत्ती करायची इच्छा असूनही ती अडली, कारण त्याचा मूळ सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मजकूरच, सापडला नाही. ज्यांनी तो गेम विकला त्यांच्या कपाटातून तो हरवला आणि ज्यांनी तो खेळला त्यांच्याकडे मात्र त्याच्या दुरुस्त्या, नकाशे आणि टिपणे शाबूत आहेत. या लोकांबद्दल मला अपार कृतज्ञता वाटते. त्यांच्यापैकी कुणाचेही काम कुठल्या पेटीवर छापले जात नाही.

‘बाल्डर्स गेट ३’ २०२३मध्ये आला आणि त्यात जाहेरा पुन्हा भेटते. कथेतली शंभराहून अधिक वर्षे मधे गेली आहेत. तिचे केस पिकले आहेत, चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत, आणि बोलताना भुवई किती वर जाते इथवर सारे काही आता पडद्यावर दिसते. माझ्या मनाने रचायला काही शिल्लक राहिले नसेल, अशी धास्ती घेऊनच मी तिच्यासमोर गेले होते. पण ती जुन्या सोबत्यांबद्दल बोलू लागली, आणि कुठल्या रानात, कुठल्या सरायच्या पायऱ्यांवर, कुणाच्या अडखळत्या शब्दांसोबत ते दिवस गेले होते, हे समोरच्या चेहऱ्याला माहीत नव्हते, मला होते. नव्या गेममध्ये पार्टी चौघांचीच असते, बाकीच्यांना तळावर थांबावे लागते. मी सोबती अनेकदा बदलले, ज्याची गरज लागेल त्याला घेतले, बाकीच्यांना मागे ठेवले. जाहेराला मात्र ती भेटल्यापासून शेवटच्या लढाईपर्यंत एकदाही तळावर ठेवले नाही.